वाडीवाले जिंकत नाहीत

अमिता वारंगे त्या संध्याकाळी सायबर कॅफेत गेली ती निकाल बघायला. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागल्याचं कॉलेजात कुणीतरी म्हणालं होतं, आणि महाडच्या बाजारपेठेत इंटरनेट धड चालणारी जागा एकच – अनिलदादाची, औषधांच्या दुकानावरच्या माडीवर. पूर्वी ती तळमजल्यावर होती. गेल्या वर्षीच्या पुराने तळमजला गिळला आणि तेव्हापासून महाडात ज्याला त्याला माडीच हवी होती.

जिना चढून ती आत आली, तर पोरं दाटीवाटीने बसलेली. कानांवर हेडफोन, नजरा पडद्यावर, आणि तोंडाने एकमेकांना शिव्या. एकच खुर्ची रिकामी होती. तिच्यामागे एक उंच, सावळा मुलगा हाताची घडी घालून उभा होता.

"हे मशीन चालू आहे का?" अमिताने विचारलं.

"चालू आहे." मग तो अडखळला. "पण... आमचा एक माणूस कमी पडतोय. थोडा वेळ खेळाल? मग मशीन तुमचंच."

"मला नाही येत असलं काही."

"म्हणूनच विचारतोय."

थट्टा करतोय की काय म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता. उलट इतक्या गंभीर चेहऱ्याने खेळ खेळायला बोलावणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. ती बसली.

"या चार बटणांनी चालायचं, माउसने बघायचं आणि गोळी झाडायची. तुम्ही वाडीवाले. वाडीतून निघून खाली सडकेवर पोचायचं. डोंगरवाले वरून येऊन तुम्हाला अडवणार."

"आणि?"

"आणि काही नाही. आता मी बोलणार नाही."

पडद्यावर एक वाडी उभी राहिली. असल्या खेळांत परदेशातली वाळवंटं नाहीतर कारखाने असतात एवढं अमिताला भावाच्या नादाने ठाऊक होतं. ही मात्र कौलारू घरांची वाडी होती. पडव्या, शेणाने सारवलेली अंगणं, घरांमागून गेलेला दगडांचा गडगा, विहिरीवर वाकलेला फणस. दोन घरांमधून एक अरुंद बोळ खाली उतरत होता. ती बोळात शिरली आणि मेली. पुन्हा उभी राहिली, बोळात शिरली, मेली. तिसऱ्या वेळी ती थबकली, इकडेतिकडे बघितलं. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. शिरली. मेली.

मागे उभा असलेला मुलगा एका कागदावर काढलेल्या वाडीच्या आकृतीत लाल पेनाने ठिपके देत होता. जिथे माणूस मरे तिथे ठिपका. बोळ लालभडक झाला होता.

खेळ संपल्यावर पोरं एकदम बोलायला लागली. त्यातला पियुष सगळ्यात मोठ्या आवाजाचा. "जितेशदा, वाडीवाल्यांना बोळाच्या तोंडाशी मशीनगन दे. नाहीतर छपरावर चढू दे. वाडीवाले कधी जिंकतच नाहीत यार."

"हं," तो म्हणाला. मग अमिताकडे वळला. "तुम्हाला काय वाटलं?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"मरायचं काही वाटलं नाही, खेळच आहे. पण बोळात शिरतानाच कळतं की आपण आता मरणार... आणि तरी शिरावं लागतं. त्याने छातीवर दडपण आलं."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. इतका, की पियुषने दुसऱ्याला कोपर मारलं.

"शनिवारी परत याल?" त्याने विचारलं.

निकाल तिने मग पाहिला. अकाउंट्समध्ये नापास. एरवी ती जिन्यातच रडली असती. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात ती वाडीच होती, आणि वाडीमागे हाताची घडी घालून उभा असलेला तो.

*

जितेश उतेकर मूळचा पोलादपूरकडचा, कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या टेंभवाडीचा. लहानपणीच मुंबईला मामाकडे गेला, तिथे शिकला, एका कार्टून बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. गेल्या वर्षी ते सोडून परत आला. का आला ते अनिलदादाला माहीत असावं, पण तो सांगत नसे. दिवसा जितेश अनिलदादाची मशीनं सांभाळायचा, आणि उरलेल्या वेळात खेळातली ती वाडी, म्हणजे खेळाचा नकाशा, कॉम्प्युटरवर रचत बसायचा. पोरं त्या नकाशाला 'मॅप' म्हणत.

अमिता शनिवारी गेली. मग पुढच्याही शनिवारी. वीज गेली की सगळी पोरं खाली वडापावच्या गाडीवर पळत, आणि ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर चहा घेऊन बसत.

"तुम्ही पोरांना सगळं विचारता, पण ती सांगतात त्यातलं काहीच करत नाही," एकदा ती म्हणाली.

"करतो ना. लोक दुखतं कुठे ते बरोबर सांगतात. औषध मात्र चुकीचं सांगतात."

"म्हणजे?"

"पियुष म्हणत होता, विहिरीपाशी बंदूक ठेव. मी त्याच्यामागे उभा राहून नुसता बघत बसलो. विहिरीपाशी आला की तो वर बघायचा, परत बघायचा, आणि घाबरून कुठेही गोळ्या झाडायचा. त्याला बंदूक नको होती. त्याला वरून येणारा माणूस दिसत नव्हता."

"म्हणून तू फणसाची खालची फांदी तोडलीस."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण 'तू' म्हणालो. जितेशलाही कळलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"फांदी कुणाच्याच लक्षात आली नाही," तो म्हणाला. "तक्रार गेली, पण का गेली ते कुणाला कळलं नाही. तुला कशी दिसली?"

"मला बरंच दिसतं."

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ... मी खेळताना तू माझ्यामागे जास्त वेळ उभा राहतोस. पियुषच्या मागे कमी."

"तू जास्त मरतेस म्हणून."

"एवढंच?"

तो हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला वाटलं, या माणसाला हसायची सवय मोडली आहे. हसू आलं आणि आपलं घर नव्हे असं समजून लगेच परत गेलं.

तिला त्याच्या मागे उभं राहण्याची सवय लागत गेली. तो बोलत नसे, हातही लावत नसे. पण खुर्चीच्या पाठीवर त्याची बोटं टेकलेली असत, आणि ती चुकीच्या वळणावर गेली की ती बोटं किंचित घट्ट होत. ते तिला पाठीला कळे. कधीकधी ती मुद्दाम चुकीच्या वळणावर जाई.

डिसेंबरात पुण्याहून एका गेम बनवणाऱ्या कंपनीचा मेल आला. जितेशने त्यांना नकाशा पाठवला होता. सगळं आवडलं होतं त्यांना – घरं, उजेड, पायाखालचा पाचोळा. एकच म्हणणं होतं. बोळ अन्यायाचा आहे. वाडीवाल्यांना निघायला दुसरी वाट द्या, मग येऊन भेटा, काम देतो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पियुष म्हणाला, "मी कधीचा सांगतोय."

"मी ते बदलणार नाही," जितेश म्हणाला.

अमिताला वाटलं, तो आपला मान राखण्यापुरतं म्हणत असेल. पायरीवर बसल्यावर तिने विषय काढला. "फांदी तोडलीस, पायऱ्या रुंद केल्यास, माझ्यासाठी अंगणातला अंधार कमी केलास. मग हेच का नाही?"

"तिथे वाट नाही."

"मग कर. खेळच तर आहे."

"तिथे वाट नाही, अमिता."

त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. ते असं ऐकायला मिळेल असं तिने मनात कधी रंगवलं नव्हतं.

*

त्यानंतरच्याच आठवड्यात दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. आंब्याच्या मोहराला वाईट म्हणून बाजारात लोक हळहळले, एवढंच. पहिले थेंब माडीच्या पत्र्यावर तडतडले आणि जितेश बोलता बोलता थांबला. त्याने हातातला माउस सोडला, जिना उतरला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

अमिता छत्री घेऊन मागे धावली. दुकानदार बघत होते. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून वळसा घालून गेला.

"आत चल, भिजशील."

"छपराखाली नको," तो म्हणाला. त्याचे डोळे पूर्वेकडच्या डोंगरावर होते, आणि अंगावरचा शर्ट पाण्याने नव्हे तर घामाने आधीच ओला झालेला.

तिने छत्री मिटली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोघं तशीच उभी राहिली, आणि पाऊस त्यांच्यावर पडत राहिला. त्यात गोड असं काही नव्हतं. तिचे दात वाजत होते. त्याचा हात तिने धरला तो एवढ्यासाठीच, की तो फार थरथरत होता.

सर ओसरल्यावर तो बोलला, मोजकं. गेल्या वर्षीच्या जुलैत, ज्या दिवशी महाड पाण्यात होतं, त्याच दिवशी टेंभवाडीवर दरड आली. त्याचे बाबा पोलादपूरला गेलेले, रस्ता बंद म्हणून तिथेच अडकले. आई घरी होती. तो मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालत होता आणि कुणाचाच फोन लागत नव्हता. पोचला तेव्हा वाडीच्या जागी लाल चिखल होता. आईला काढायला फार दिवस लागले.

अमिताच्या डोळ्यांसमोर पडद्यावरची अंगणं आली.

"ती वाडी... ती टेंभवाडी आहे?"

"हो."

"तिथे माणसं मेलीत, जितेश. आणि तू तिथे पोरांना गोळ्या झाडायला लावतोस?"

तिला राग आवरला नाही. पुरात तिच्या वडिलांचं वह्यापुस्तकांचं दुकान गेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या आनंदीबाई अमिताच्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या होत्या. त्या दिवसाचा कुणी खेळ केला असता तर तिने मशीन फोडलं असतं.

"गोळ्या नसत्या तर कोण आलं असतं?" जितेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना. "आमच्या वाडीत आता कुणी जात नाही. जायला काही उरलंच नाही. इथे रोज दहा पोरं येतात. पियुषला हैबतीकाकांचं अंगण पाठ आहे. माझ्या आईच्या पडवीत उभं राहून ती हसतात, भांडतात. तेवढं तरी."

अमिता ओली छत्री काखेत धरून घरी गेली आणि आईने विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

*

ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आली, आणि म्हणाली, "मला तुझी माणसं बघायची आहेत."

दरडीतून वाचलेल्यांना पोलादपूरजवळ महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेड बांधून दिल्या होत्या. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या, पण पत्रे आता गंजायला लागले होते. एका शेडच्या दारात जितेशचे वडील सहदेव बसून होते; जितेशही रात्री तिथेच झोपायला जाई. त्यांनी हात जोडले आणि पुन्हा डोंगराकडे तोंड केलं. चुलती चंद्राबाईने मात्र अमिताला आत नेलं, बिनदुधाचा चहा दिला आणि तिचा हात उलटसुलट करून पाहिला.

"कोनाची गो तू?"

"महाडची. वारंग्यांची."

"आमच्या पोराला बोलतं केलंस म्हनं. बरं केलंस. बाप तर त्या दिसापास्नं बोललाच नाय."

परतताना एसटीत अमिताने जितेशला विचारलं, "नकाशा तू सगळ्यांना दाखवलास. पुण्यापर्यंत पाठवलास. यांना दाखवलास?"

"नाही."

"का?"

"त्यांनी काय करायचं ते बघून?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

जानेवारीत चंद्राबाई औषधाच्या गोळ्या आणायला महाडला आली. बाजारात अमिता तिला भेटली. विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित अमिताने केलं नसतं. पण तिने विचारून टाकलं, "काकी, वाडी बघायची का? जितेशने केली आहे. कॉम्प्युटरवर."

चंद्राबाई पिशवी सावरून म्हणाली, "चल."

दोघी माडीवर आल्या तेव्हा जितेश कोपऱ्यात एक मशीन उघडून बसला होता. चुलतीला बघून तो उठला, आणि अमिता तिला कुठल्या खुर्चीवर बसवते आहे ते बघून त्याचा चेहरा उतरला. पण तोवर वाडी पडद्यावर आली होती. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही, हा त्याचाच नियम. तो मागे येऊन उभा राहिला. अनिलदादाने खूण केली तशी पोरांनी हेडफोन काढले. बटणांवर बोटं अमिताची होती, वाट चंद्राबाई सांगत होती.

"ही माझी ओटी. आगं माय... अशीच व्हती. तुळस पन ठेवलीय. ती उजव्या अंगाला व्हती, पन असूं दे. फुडं चल. हे हैबतीचं. हे मैनाचं, जितेशच्या आयचं." ती खुर्चीत पुढे सरकली. "आता घराच्या मागं चल."

"मागे गडगा आहे, काकी. जाता येत नाही."

"येत नाय कसं? गडगा फुटलेला व्हता तिथं. तिथनंच तर जायची वाट."

"तिथे वाट नव्हती, काकी," जितेश म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. खेळ चालू असताना तो बोलल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"तुला ठावं नसंल," चंद्राबाई मागे न बघता म्हणाली. "ती बायकांची वाट. गडग्यातनं निघून वहाळाला, पानी भरायला. बाप्ये कशाला जातील तिकडं? आन तू तर लहानपनीच गेलास मुंबैला." पडद्यावरच्या दगडांवर तिने बोट टेकवलं. "मी त्या दिशी हितनंच आले. आमी चौगी आलो. तुजी आय आमच्या फुडं व्हती."

जितेशने खुर्चीची पाठ धरली.

"पुढे होती?"

"वहाळापार गेल्याली. वर डोंगर वाजायला लागलेला. मंग तिला म्हस आठवली. गाबन व्हती, दाव्याला बांदल्याली. म्हनली, दावं सोडते आन आलेच. मी हात धरला तिचा. तिनं सोडवून घेतला." चंद्राबाईने पदर तोंडाला लावला नाही. कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत राहिली. "गेली ती गेली."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस? सायब आले, पेपरवाले आले. किती मेली ते इचारून गेले. वाट कुठनं व्हती ते कोनी इचारलंच नाय रे."

जितेश जिना उतरून गेला. चप्पलसुद्धा घातली नाही त्याने.

"चुकलं का गो माझं?" चंद्राबाईने विचारलं.

"तुमचं नाही, काकी," अमिता म्हणाली, आणि तिने खेळ बंद केला.

*

तो कॅफेत यायचा बंद झाला. नकाशाही मशीनवरून काढून टाकला होता. पोरं पुन्हा वाळवंटात गोळ्या झाडू लागली. अमिता एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरली. ज्या जखमेला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता तिच्यात आपण बोट घातलं, आणि तेही न विचारता. त्याला वाचवायला म्हणून... की आपली गरज त्याला वाटावी म्हणून? ती स्वतःला हे विचारी आणि उत्तर आलं की अभ्यासाचं पुस्तक मिटून ठेवी.

फेब्रुवारीत एका सकाळी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. दाढी वाढलेली, अंग सुकलेलं.

"मला वाडीत जायचंय," तो म्हणाला. "त्यानंतर गेलो नाही मी. दोनदा कापड्यापर्यंत जाऊन आलो. पुढे पाय उचलत नाहीत."

तिने काही न विचारता वह्या मैत्रिणीकडे दिल्या.

कापड्याला उतरून ते वर चढले. डोंगराची कड वरपासून खालपर्यंत सोलल्यासारखी लाल होती, आणि त्या लालावर आता करडं गवत उगवलं होतं. जिथे घरं होती तिथे खडक होते, घराएवढे. कुठे एक कौल, कुठे चुलीचा दगड. जितेशने एकदाही 'हे अमक्याचं घर' असं म्हटलं नाही. तो चालत राहिला, आणि वाडीच्या पलीकडच्या टोकाला त्याला गडगा सापडला. थोडाच उरलेला. मध्ये खिंडार. खिंडारातून एक वाट खाली जात होती. बायकांच्या पायांनी गुळगुळीत झालेले दगड अजून तसेच होते.

ते वहाळाशी उतरले. पाणी जेमतेम होतं. जितेश पलीकडे गेला आणि तिथे उभा राहिला.

"इथपर्यंत आली होती ती," तो म्हणाला.

"हो."

"मी तिला रोज त्या बोळात उभी करत होतो, अमिता. एवढे महिने. पोरं मरायची आणि मला वाटायचं, अशीच मेली असेल ती, कोंडून, वाट शोधत. आणि ती त्या बोळात नव्हतीच. ती बाहेर पडली होती. आपल्या पायांनी मागे गेली." त्याचा आवाज फुटला. "एका म्हशीसाठी... तिला माझी आठवण नाही झाली?"

तो खाली बसला आणि रडला, फार वेळ, लहान मुलासारखं आवाज करून. ती शेजारी बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं.

"रागावलायस माझ्यावर?" शेवटी तिने विचारलं.

"होतो. खूप." त्याने वहाळाच्या पाण्याने तोंड धुतलं. "मग वाटलं, सगळ्या जगाला विचारत सुटलो, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या दारात रोज झोपून त्यांना विचारलं नाही. भीती वाटत होती. तू विचारलंस."

"तुला न विचारता."

"हो. ते परत करू नकोस."

"नाही करणार."

मग तो म्हणाला, "वाट घालू नकाशात?"

"घाल."

"आणि परत जाणारी बाई?"

"ती नको. ती तुझीच राहू दे."

तो मान हलवत राहिला. मग एकदम म्हणाला, "आणखी एक विचारायचंय. पण मला नीट विचारता येत नाही..."

"नकाशाबद्दल?"

"नाही."

"मग मागे नको उभा राहूस. समोर ये आणि विचार."

तो समोर आला. डोळे सुजलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. यापेक्षा वाईट अवस्थेत कुठल्या मुलीला कुणी विचारलं नसेल.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "पुण्यात, नाहीतर त्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे असेन तिथे. पाऊस आला की मी माणसात नसतो. ते कधी बरं होईल सांगता येत नाही. सगळं ऐकून सांग."

"तुझा पाऊस पाहिलाय मी."

"मग?"

"मग काय... हो." तिने त्याच्या ओल्या बाहीला धरलं. "हो म्हणतेय ना."

*

नकाशा परत मशीनवर आला. पोरांना जितेशने काही सांगितलं नाही. हाताची घडी घालून मागे उभा राहिला. पोरं नेहमीप्रमाणे बोळात मरत राहिली, आणि मग केव्हातरी पियुष वाट चुकून घरामागे गेला. गडग्यातून निघाला, वहाळ ओलांडला, सडकेवर पोचला. "अरे, मी बाहेर पडलो," एवढंच म्हणाला. इतक्या हळू, की त्याचा आवाज ओळखू येईना. वाडीवाले त्यानंतरही हरतच. पण दर खेपेला कुणीतरी एखादा बाहेर पडे.

नवा नकाशा बघून पुण्याच्या कंपनीने बोलावलं. जूनपासून कामावर ये म्हणाली.

अमिताच्या घरी मात्र वादळ झालं. वडील म्हणाले, शेडमधला मुलगा, आगा ना पिछा, आणि काम काय तर खेळ करायचे. आईने बोलणं टाकलं. ते सगळं सरळ व्हायला बरेच महिने लागणार होते, आणि सगळं सरळ झालंही नाही. वडील अखेरपर्यंत एवढंच म्हणाले, नोकरी टिकू दे, मग बघू. अमिताने ते 'हो' समजून घेतलं.

मे महिन्याच्या अखेरीस, जितेश पुण्याला निघायच्या आधी, दोघं शेडवर गेली. सहदेवना सांगायला. दुपार होती, पत्रा तापून फणफणत होता, आणि डोंगरामागे ढग जमायला लागले होते. सहदेव दारातच बसले होते. जितेशने चाचरत सांगितलं – पुण्याचं, अमिताचं, वाडीत जाऊन आल्याचंही. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. नजर डोंगरावरच होती.

जितेश उठून पाणी आणायला आत गेला. तेव्हा ते अमिताकडे वळले.

"पावसाला भितंस का गो?"

तिला वाटलं, मुलासाठी विचारताहेत. धीराचं काहीतरी बोलावं. पण त्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना.

"भिते," ती म्हणाली. "पूर आला तेव्हापासून फार भिते."

"बरं हाय. भिनारं मानूस येळंत निगतं."

आत हंड्यावर तांब्या वाजला. वाऱ्याने पत्रा हलला, तशी त्यांनी मान वर केली, ढगांकडे पाहिलं, आणि बायकोबद्दल पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"तुजी सासू कशालाच भ्यायची नाय गो."

जितेश पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता. तो तिथेच थांबला. अमिताने ओढणी डोक्यावर घेतली आणि खाली वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.